पंक्चरच्या दुकानातलं सेकंड ओपिनियन

मारोतराव गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं, ते मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. दुपारचे चार वाजले असतील. त्यांच्या मुलाचा, विलासचा फोन. "साहेब, बाबा गेले," तो म्हणाला. मी विचारलं, "कशानं?" तो म्हणाला, "हार्टनं." आणि मी म्हणालो, "अरे वा!" तिकडून फोन बंद झाला. आमची ही चहाचं आधण ठेवून दारात आली होती. "कोण पास झालं?" तिनं हसून विचारलं. मी सांगितलं. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि खरं सांगतो, मलाही माझ्याशी बोलायची इच्छा नव्हती.

ते "वा" का निघालं, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. मी सरकारी कचेरीतला निवृत्त हेडक्लार्क. घराणं भोसल्यांच्या काळात दप्तर सांभाळायला नागपुरात आलेलं, त्यामुळे कमरेखालच्या शरीराचा उल्लेख आमच्या घरात तेव्हापासून होत नाही. शौचातून रक्त जाऊ लागलं तर मी सहा महिने मूळव्याध समजून गुपचूप इसबगोल आणि ताक पीत बसलो. शेवटी तपासणीत निघाला गुदाशयाचा कॅन्सर. सर्जन तरुण, शांत माणूस. त्यांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. पोट फाडायचं नाही, चार-पाच बारीक भोकं पाडून दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं, खराब भाग काढून आतड्याची दोन्ही टोकं मशीननं जोडायची. इथवर मी मान डोलावत होतो. मग ते म्हणाले, जोड भरून येईपर्यंत दोन-तीन महिने पोटावर पिशवी राहील, शौच त्या पिशवीत होईल. मी फाईल उचलली आणि उभा राहिलो. मरेन, पण पिशवी लावणार नाही, असं मी त्यांना तीन भेटींत तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी वाद न घालता चिठ्ठीवर एक नाव आणि पत्ता लिहून दिला. कुणी मोठा तज्ज्ञ असणार, या समजुतीनं मी इस्त्रीचा शर्ट घालून, सगळे रिपोर्ट घेऊन हुडकेश्वर रोडला गेलो. पत्त्यावर पंक्चरचं दुकान होतं.

साठीतला एक काटक माणूस पाण्याच्या टपात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होता. "डॉक्टर कुठे बसतात?" मी विचारलं. त्यानं माझ्या हातातली फाईल पाहिली आणि हात पुसत म्हणाला, "बसा. तुमाले माह्याकडंच पाठवलं." मारोतरावांचं घर मूळ उमरेडचं, विणकरांचं. हातमाग बंद पडले तसे ते सायकलींकडे वळले, मग स्कूटरींकडे. माझ्याआधी दोन वर्षं त्यांचं हेच ऑपरेशन याच सर्जननं केलं होतं. हे सांगायच्या आधीच त्यांनी भर रस्त्यात, दोन गिऱ्हाइकांसमोर बनियन वर केलं. पोटावर बारीक बारीक खुणा, आणि उजवीकडे एक जरा मोठी.

"हे पाहा साहेब. पयले पोटात हवा भरते. काहून? आतमंदी काम कराले जागा पाह्यजे ना. मंग क्यामेरा टाकते, टीव्हीत पाहून पाहून खराब तुकडा काढते, इकडचं टोक तिकडच्या टोकाले जोडते. आपलंबी तेच काम हाये. फरक येवढाच का माह्या गिऱ्हाइकाले बेहोश करा लागत नाई."

शुद्धीवर आल्यावर त्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला होता, जोडल्यावर पाण्यात बुडवून पाहिलं का? डॉक्टर चाटच पडले. कारण खरोखरच तसं पाहतात. जोडाभोवती पाणी सोडायचं, खालून हवा भरायची आणि बुडबुडा येतो का ते कॅमेऱ्यात बघायचं. मारोतराव चाळीस वर्षं पॅच लावल्यावरही ट्यूब पुन्हा टपात घालून पाहत, बाकीचे दुकानदार घालत नाहीत. त्यामुळे हा आपल्याच पद्धतीचा कारागीर आहे, असं त्यांनी सर्जनना प्रमाणपत्र देऊन टाकलं. तेव्हापासून घाबरलेले पेशंट या दुकानात येऊ लागले.

"आणि... पिशवी?" मी आवाज खाली घेऊन विचारलं.

"थे डायव्हर्जन हाये." त्यांनी समोरच्या खोदलेल्या रस्त्याकडे बोट केलं. "नवीन शिमेंट टाकलं का त्याच्यावरून लगेच गाडी नेता का तुमी? बाजूनं काढता. पक्कं झालं का बाजूचं बंद. तुमचं तीन महिन्यात बंद होते. हे समोरचं चार वर्षापासून चालू हाये, कोनाले लाज नाई वाटून राहिली!"

मी कारकुनी प्रश्न विचारला, "गॅरंटी काय?"

"गॅरंटी तं नवीन ट्यूबचीबी नसते साहेब. मी हावो ना समोर? माह्याकडे पाहात जा."

हे वाक्य मी जरा जास्तच मनावर घेतलं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी मला चालवलं. पोटापेक्षा खांदा दुखत होता, तेव्हा डॉक्टर म्हणाले, भरलेल्या गॅसचा परिणाम आहे, जाईल. मारोतराव रोज भेटीच्या वेळी यायचे आणि वॉर्डाच्या दारातूनच विचारायचे, "साहेब, हवा निघाली का?" आतडं कामाला लागल्याची ती पहिली खूण, हे मलाही ठाऊक होतं. पण तीस खाटांच्या वॉर्डात? तिसऱ्या दिवशी पिशवी फुग्यासारखी टम्म झाली. मारोतरावांनी जाऊन संत्रा बर्फीचा डबा आणला आणि खाटेखाटेवर वाटला. नर्सनं विचारलं, नातू झाला का? मी पांघरूण डोक्यावरून घेतलं.

पिशवीचे महिने मी घरातच काढायचं ठरवलं होतं. मारोतरावांनी ते चालू दिलं नाही. तिचं तोंड कात्रीनं किती गोल कापायचं, भोवतीची कातडी कशी कोरडी ठेवायची, हे त्यांनी आमच्या हिला आणि मला समोर बसवून शिकवलं. तोवर मी हिलाही ती पाहू दिली नव्हती. मग भाच्याच्या साखरपुड्याला मला जवळजवळ ओढत नेलं, सोबत स्वतः आले. गुरुजींनी संकल्प सांगायला सुरुवात केली, सगळे शांत झाले आणि माझ्या पिशवीनं ठसठशीत आवाज काढला. वीस माना वळल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. शेजारी बसलेल्या मारोतरावांनी स्वतःच्या पोटावर थाप मारली आणि मोठ्यानं म्हणाले, "माफ करजा हो, सकाळी पोह्यावर तर्री जास्त झाली." वधूपक्षाकडची मंडळी दिवसभर त्यांच्यापासून लांब बसली. त्यांनी त्याचं काहीच वाटून घेतलं नाही, दोन वेळा श्रीखंड मागून घेतलं.

तीन महिन्यांनी छोटं ऑपरेशन होऊन पिशवी गेली, आणि खरी धावपळ सुरू झाली. नवा जोड सुरुवातीला धीर धरू देत नाही, दिवसातून दहा-बारा वेळा पळावं लागतं. मारोतराव रविवारी सकाळी फाटकाबाहेरून ओरडायचे, "साहेब, आजचा आकडा?" मी गच्चीवरून बोटं दाखवायचो. नऊ. पुढच्या रविवारी सात. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी महिनाभर हे पाहिलं आणि एकदा मला बाजूला घेऊन कळवळून म्हणाले, "या वयात सट्टा बरा नाही हो." आकडा चारवर आला तेव्हा मारोतराव मला झणझणीत सावजी रस्सा खायला घेऊन गेले. आमची वर्षाची भिवापुरी मिरची माझ्या पथ्यापायी घरात वाया जात होती, त्यामुळे मीही नको म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी मला दोन्ही हात वर करावे लागले, आणि तरी बोटं पुरली नाहीत.

पण एक गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही. मी त्यांना प्रेमानं भेटायचो हे खरं, आणि भीतीनंही भेटायचो हेही तितकंच खरं. तोच आजार, तोच सर्जन, तोच जोड, माझ्यापुढे दोन वर्षं. ते टिकले तर मी टिकणार, असा हिशेब डोक्यात पक्का बसला होता. ते खोकले की माझी झोप उडायची. त्यांच्या तपासणीच्या दिवशी त्यांच्यापेक्षा मी जास्त वेळा संडासला जायचो. एका उन्हाळ्यात ते वाळलेले दिसले. आठवडाभर माझ्या घशाखाली घास उतरला नाही. शेवटी धीर करून विलासला गाठलं, तर कळलं की कवळी तुटली होती आणि माणूस पंधरा दिवस वरणभातावर होता. मित्राच्या प्रकृतीवर अशी नजर ठेवणारा माणूस स्वतःला मित्र म्हणवतो... याची मला लाज वाटायची. अशी सात वर्षं गेली. आणि मग तो फोन.

अंत्ययात्रेला गेलो, पण मागे मागे राहिलो. विलासच्या नजरेला नजर देण्याची हिंमत नव्हती. पाच आठवडे मी दुसऱ्या रस्त्यानं भाजी आणली. शेवटी मागच्या सोमवारी दुकानात गेलो आणि आधी माफी मागून टाकली. माझ्या तोंडून भलतंच निघालं रे, म्हटलं, तुझे वडील गेले आणि मी...

विलासनं हातातला पाना खाली ठेवला.

"साहेब, ऑटोतून नेलं तवा बाबा बोलून राहिले होते. दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, डॉक्टर म्हणे हार्ट हाये. बाबा मले म्हणे, 'नीट इचार गा, खालचं तं नाई?' डॉक्टर म्हणे, खालचं एकदम फस्क्लास हाये. मंग बाबा म्हणे, 'मले काई झालं तं पयला फोन साहेबाले करजो. पयले हार्ट सांगजो, मंग मी गेल्याचं सांगजो. उलटं सांगशीन तं थो बुढा भेवानंच मरून जाईन.'" त्यानं हात फडक्याला पुसले. "अन् मी उलटंच सांगून बसलो. तुमी कशानं म्हणून इचारलं, तवा माह्या ध्यानात आलं. मंग तुमी 'अरे वा' म्हणले... अन् मले वाटलं, चला, बाबाचा निरोप पोचला."

मी तिथल्याच स्टुलावर बसलो आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा मारोतरावांसाठी रडलो, माझ्या जोडाचा विचार मध्ये न येता. बाहेर कुणीतरी स्कूटर ढकलत आलं. विलासनं त्याला थोड्या वेळानं यायला सांगितलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.