शाळा सोडल्याचं कारण

हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, आणि तो बिचारा एकतीस वर्षं माझं सगळं ऐकून घेत आलाय — खडूच्या डब्यांपासून संचालकांच्या रुसव्याफुगव्यांपर्यंत. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा यंदा माझं फार कौतुक झालं आणि ते मला पचेना, म्हणूनही असेल.

आधी हे ऐकून ठेवा की मी अभिमानी बाई आहे. गेवराई तालुक्यात आमच्या संस्थेची शाळा आहे, पाचवी ते दहावी, आणि मागच्या अंगाला मुलींचं वसतिगृह. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं ऊसतोडीला कारखान्यांकडे जातात. त्यांच्या मुलींची शाळा सुटू नये म्हणून ते वसतिगृह. मी तिथे विज्ञान शिकवत आले, आता मुख्याध्यापिका आहे. शाळा माझी आहे असं मी बोलून जाते, आणि कुणी दुरुस्त करत नाही. दुसरा अभिमान अक्षराचा. शाळेचं जनरल रजिस्टर तुम्हाला माहीत असेल — मूल कधी आलं, कधी गेलं, का गेलं, हे कायमचं लिहून ठेवायचं ते जाडजूड पुस्तक. ते काम खरं तर लेखनिकाचं. पण माझं अक्षर बघून तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी ते माझ्याकडे दिलं. तपासणीला आलेले साहेब पान उलटताना थांबायचे, आणि मी खिडकीबाहेर बघत असल्याचं सोंग करायची.

आणि तिसरा अभिमान सगळ्यात मोठा. यंदा आमच्या शाळेनं स्वतःचा एक नियम केला. मुलगा असो, मुलगी असो, त्याचं मन कुणावर बसतं यावरून त्याला चिडवायचं नाही, वेगळं बसवायचं नाही, वसतिगृहातून काढायचं नाही, आणि हे कुणी केलं तर शिक्षक असला तरी कारवाई. लैंगिक कल हा शब्द आमच्या प्रवेश अर्जावर छापलाय, मराठीत, ठळक. कॉलेजांना रॅगिंगच्या नियमांत हा शब्द आधीच आहे. शाळेच्या पोरांसाठी मात्र असा नेमका कायदा शोधायला गेलं तर हाताला फारसं लागत नाही — म्हणून आपणच केला. आसपासच्या शाळांचे मुख्याध्यापक तो उतरवून घ्यायला येतात. पेपरात माझा फोटो आला. धाडसी मुख्याध्यापिका, असं खाली लिहिलं होतं. तो शब्द वाचून मी पेपर घडी घालून डब्याखाली ठेवला. आता सांगते का ते.

बारा वर्षांपूर्वी मी नववीची वर्गशिक्षिका होते, त्या वर्गात एक मुलगी होती. कावेरी म्हणते मी तिला, खरं नाव तिचं तिच्यापाशी राहू दे. आईवडील ऊसतोडीला, ही वसतिगृहात. हुशार — म्हणजे नुसती पाठांतरातली नव्हे. प्रकाशाचं परावर्तन शिकवताना तिनं स्टीलच्या ताटलीनं वर्गाच्या छतावर ऊन नाचवलं होतं आणि मला विचारलं होतं की ऊन तुटत कसं नाही. मला उत्तर नीट देता आलं नव्हतं. अशी पोरगी वर्गात असली की शिकवायला हुरूप येतो. माझी लाडकी होती. हे लिहायला हवं — माझी लाडकी होती.

डिसेंबरात मी प्रयोगवह्या तपासायला घेतल्या. तिच्या वहीच्या मागच्या पानांवर एक पत्र होतं, न दिलेलं. वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीला लिहिलेलं. वावगं काही नव्हतं हो त्यात. तू हसलीस की माझा दिवस चांगला जातो, मला तू मैत्रिणीपेक्षा जास्त आवडतेस, हे चूक आहे का मला माहीत नाही, पण आपण दोघी मोठ्या झालो की बीडला एक खोली घेऊ, तू डीएड कर, मी वकील होते. बस. शेवटी आकृती काढतात तसं पट्टीनं काढलेलं खोलीचं चित्र, आणि त्यात दोन खिडक्या.

आणि ती दुसरी मुलगी? आमच्या एका संचालकांची. शंभरावर लोक ज्यांच्या शेतात राबतात, असं घर.

इथवर आले की मला नेहमी वाटतं, इथे कुणीतरी दुसरं यावं गोष्टीत. कुणीतरी चहाडी करावी, संचालकांनी मला बोलावून दम द्यावा, माझी नोकरी धोक्यात यावी — म्हणजे मग माझा नाइलाज झाला असं म्हणता येईल. पण तसं कुणी आलंच नाही. ते पत्र माझ्याशिवाय कुणीही वाचलं नाही, आजपर्यंत. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. जे केलं ते मी माझ्या मनानं केलं.

कायदा तेव्हा असल्या माणसांच्या बाजूनं नव्हता, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी कायदा बघितला नव्हता आणि पोरीचं वयही बघितलं नव्हतं. मी एवढंच बघितलं की हे उद्या बाहेर आलं तर वसतिगृहाचं नाव जाईल, संचालक भडकतील, आणि पर्यवेक्षक म्हणून माझं नाव पुढे गेलंय ते मागे येईल. शाळेच्या नावासाठी, असं मी मनाशी म्हणत होते. माझ्या नावासाठी, हे खरं.

मी तिला प्रयोगशाळेत बोलावलं, वही समोर ठेवली. काय बोलले ते सगळं आठवतं, लिहीत नाही. ती रडली नाही. टेबलावर सांडलेलं मोरचूद बोटानं गोळा करत राहिली. मग म्हणाली, "बाई, मी कुणाचं काय वाईट केलंय?"

मी वही मिटून माझ्या पिशवीत टाकली. 

"दहावीपस्तोर ठिवा मला. मी तिच्याशी बोलणार बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या वडिलांना उसाच्या फडावर फोन केला. सांगितलं की पोरीचं अभ्यासात चित्त नाही, तब्येतही बरी नसते, तुम्ही येऊन घेऊन जा. दोन दिवसांचं काम बुडवून तो माणूस एसटी बदलत बदलत आला. मला वाटलं होतं भांडेल. त्यानं पिशवीतून गुळाची ढेप काढून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाला, "बाई, तुमी हाव म्हणून तर पोरीला मागं ठिवलं होतं. तुमी म्हणताव तर तिच्या भल्याचंच आसन." आणि हात जोडले. त्याच्या नखांत उसाचा काळा चीक बसलेला होता. कावेरी त्याच्यामागे उभी होती, पत्र्याची पेटी घेऊन, आणि माझ्याकडे बघत होती. तिनं तोंड उघडलं असतं तर? पण ती बोलली नाही. बापाला काय सांगणार होती?

तो गूळ मी घेतला. संक्रांतीला त्याचेच तिळगूळ वळून वर्गात वाटले.

आणि मग रजिस्टर. शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात मी लिहिलं — पालकांसोबत ऊसतोडीसाठी स्थलांतर. आमच्याकडे हे कारण लिहिलं की कुणी काही विचारत नाही. पानंच्या पानं तेच कारण असतं. वसतिगृहातली मुलगी, आईवडील जाऊन दोन महिने झालेत, मग ही आत्ता कशी निघाली — असा प्रश्न तपासणीला आलेल्या साहेबांना पडायला हवा होता की नाही? नाही पडला. त्यांनी अक्षर बघितलं, सही केली. दुष्काळाच्या मुलखात खोटं लपवायला दुष्काळासारखी जागा नाही, हे मला त्या दिवशी कळलं, आणि कळूनही मी घरी जाऊन जेवले.

मी पर्यवेक्षक झाले. पुढे मुख्याध्यापिका. कावेरीनं दोन हंगाम ऊस तोडला, एवढं कानावर यायचं. तिचं लग्न ठरतंय असंही एकदा आलं — तिकडे नवराबायको मिळून एक कोयता धरतात, मजुरीची उचल जोडप्यालाच मिळते, त्यामुळे पोरी लवकर उजवतात. मी चौकशी केली नाही. मग कळलं की तिनं लग्नाला साफ नकार दिला आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली. मग बारावी. मग मला कळायचं थांबलं, कारण मी विचारायचं थांबवलं.

यंदा संस्थेच्या कॉलेजात रॅगिंगविरोधी समितीसाठी बीडहून वकील बोलावले. शाळांच्या मुख्याध्यापकांनाही बसायला सांगितलं. पत्रावरचं वकिलांचं नाव मी दोनदा वाचलं — कावेरीचं. ती आली — काळा कोट, केस आखूड, सोबत फाइलींची पिशवी. मला नमस्कार केला, जसा सगळ्यांना केला तसाच. अर्धा तास बोलली. काय बोलली पोरगी! कोर्टानं काय म्हटलंय, माणसाच्या सन्मानाचा हक्क म्हणजे काय, वर्गातली चेष्टा कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो. कागद न बघता. मी मागच्या रांगेत बसले होते आणि माझी छाती फुगली होती — हो, फुगली होती, लाज वाटली पाहिजे होती तिथे मला अभिमान वाटत होता. माझी विद्यार्थिनी, असं शेजारच्या सरांना मी सांगूनही टाकलं.

मग एक संचालक उठले. तेच, त्या दुसऱ्या मुलीचे वडील. म्हणाले, ही शहरातली थेरं, आपल्या भागात असलं काही न्हाई. सभागृहात लोक हसले. मला वाटलं आता ती माझं नाव घेणार. घ्यावं, असंही वाटलं — देवाशपथ, क्षणभर वाटलं.

"हाय ना, काका," ती शांतपणे म्हणाली. "रजिस्टरात न्हाई, म्हणून दिसत न्हाई."

मी उभी राहिले. का, ते अजून सांगता येत नाही. म्हणाले, हा नियम आमची शाळा करेल, आणि वसतिगृहालाही लागू करेल. संचालक माझ्याकडे बघत राहिले, पण भर सभेत मुख्याध्यापिकेला खाली बसवणं त्यांना जमलं नाही. ठरावाची वही आणली गेली. कलमं ती सांगत गेली, मी लिहीत गेले. शेवटी ती म्हणाली, अजून एक घाला. ऊसतोडीसाठी स्थलांतर म्हणून नाव कमी करण्याआधी त्या मुलाला किंवा मुलीला एकटं बसवून विचारायचं की तुला जायचंय का, आणि उत्तर त्याच्याच अक्षरात लिहून घ्यायचं.

पेन थांबलं माझं. तिनं पुन्हा सावकाश सांगितलं, शुद्धलेखन घालतात तसं. मी लिहिलं.

याच कलमाचं सगळ्यात जास्त कौतुक झालं. पेपरवाल्यानं विचारलं, मॅडम, हे इतकं बारीक तुम्हाला कसं सुचलं? आणि मी — मी म्हणाले, अनुभवातून.

त्या कलमानं या हंगामात एक मूल वाचवलं. नाव सांगणार नाही, मुलगा की मुलगी तेही नाही, नियमच तसा आहे. घरचे दाखला न्यायला आले होते, कारण तेच ठरलेलं. मी त्या लेकराला एकटं बसवलं, कागद दिला. त्यानं लिहिलं, मला हितंच शिकायचंय. ते मूल आज वर्गात आहे, आणि मी अधूनमधून उगाच त्या वर्गावरून चक्कर मारते. याचा मला अभिमान आहे. तो मी लपवणार नाही. पण तो माझ्या कमाईचा नाही, हेही लपवणार नाही.

त्या सभेनंतर कावेरी निघाली तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. काहीतरी बोलायचं होतं. जमलं नाही, मी चहाचंच विचारलं. ती नको म्हणाली, बीडची गाडी गाठायची होती. मग ठरावाची प्रत पिशवीत ठेवताना तिनं त्या प्रतीकडे एकदा नीट बघितलं.

"बाई," ती म्हणाली, "अक्षर अजून तसंच हाय."

आणि गेली.

जनरल रजिस्टरात खाडाखोड करता येत नाही. दुरुस्तीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, मूळ नोंद, दुरुस्त नोंद आणि चूक कशी झाली ते लिहून. तो अर्ज मी काल लिहिला, आज सकाळी पाठवला, त्याची एक प्रत कावेरीच्या पत्त्यावरही पाठवली. उद्यापर्यंत संस्थेत सगळ्यांना कळेल. मूळ नोंद — पालकांसोबत ऊसतोडीसाठी स्थलांतर. दुरुस्त नोंद — मैत्रिणीवर प्रेम केलं म्हणून वर्गशिक्षिकेनं घालवलं. चूक कशी झाली — चूक नव्हे, खोटं होतं.

खाली सही केली. अक्षर माझंच आहे.