शिपायाची पोच

पुण्यात दुसऱ्याची काळजी करणारी माणसं मुळात मोजकी, आणि त्या सगळ्यांच्या वाटची काळजी आमच्या खालच्या मजल्यावरचे काका एकटेच करत, असं माझं प्रामाणिक मत आहे. पस्तीस वर्षं ते एका सरकारी कचेरीत शिपाई होते. या कचेरीतून त्या कचेरीत पाकीट न्यायचं, वहीवर सही घ्यायची आणि 'पोच' घेऊन परत यायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी पोच काही सुटली नाही. शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीतून कोणी मार्केट यार्डात कांदे आणायला निघालं, तरी काका जिन्यात हजर. "अहो, पोचल्यावर कळवा!" एकदा मी कळवायला विसरलो, तर माझ्या जुन्या पिशवीवर छापलेला नंबर शोधून त्यांनी थेट कांद्याच्या व्यापाऱ्याला फोन लावला. "ते पोचले का? नाही, बोलायचं काही नाही. पोचले ना? ठेवतो." व्यापारी अजून माझ्याकडे संशयाने बघतो.

हेही चालवून घेतलं असतं, पण काकांच्या काळजीचा मुख्य विषय होता दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत. कचेरीतली रद्दी निघाली तेव्हा साहेबांची लेखी परवानगी काढून त्यांनी एक इंग्रजी पुस्तक घरी आणलं होतं. एका साध्या सैनिकाचं चरित्र. काकांनी शब्दकोश उघडला, 'सोल्जर'पुढे 'शिपाई' असं छापलेलं पाहिलं आणि तिथेच नातं जुळलं. "म्हणजे आमच्यातलाच की! चतुर्थ श्रेणी!" हा गडी तिकडच्या यादवी युद्धात आपणहून भरती झालेला, आणि नंतर स्वयंसेवक म्हणून पार पश्चिमेच्या सीमेवर, एका लाकडी ठाण्यात जाऊन राहिलेला. "स्वयंसेवक म्हणजे गणपतीत दोरी धरतात तसा?" असं मी एकदा विचारलं. काका शांतपणे म्हणाले, "आपण कधी धरली आहेत का दोरी?"

निवृत्तीनंतर त्यांनी ते चरित्र मराठीत उतरवायला घेतलं. चार जाड वह्या भरल्या. त्यांचा शिपाई कर्नलला 'साहेब' म्हणे, आजारी पडला तर रीतसर रजेचा अर्ज देई, आणि घोडा दमला तर त्याचीही रजा टाकी. तिथल्या मूळच्या लोकांना हुसकावून ठाणं बांधलं, हा भाग आला तेव्हा मात्र काकांनी लेखकाला बाजूला बसवलं आणि एक अख्खं पान पदरचं लिहिलं. 'नोटीस न देता जागा खाली करून घेणे ही कुठली पद्धत?' अशी त्याची सुरुवात होती.

घोळ झाला तो शेवटाला. पुस्तकाची अखेरची पानं वाळवीने खाल्ली होती. उरलेल्या शेवटच्या पानावर बर्फ पडतंय, कर्नल शिपायाच्या हाती एक पाकीट देऊन नदीपलीकडच्या ठाण्यावर पोचवायला सांगतो, शिपाई घोडा पाण्यात घालतो. पुढे वाळवी. अनेक वर्षं तो शिपाई नदीत होता आणि काका काठावर. पुण्यात जरा गारठा पडला की चहा अर्धा ठेवून म्हणत, "पाणी फार गार असेल हो." मी फोनवर शोधून बघू म्हटलं की माझं मनगट धरत. "नको. काही वाईट निघालं तर?"

गेल्या थंडीत काकांच्या छातीचं ऑपरेशन ठरलं. आदल्या संध्याकाळी मी हॉस्पिटलात गेलो. ते भिंतीकडे बघत पडले होते. "आज बघा," ते म्हणाले. "काम अर्धवट ठेवून जायचं नाही मला."

बघायची गरज नव्हती. मी गुपचूप कधीच शोधून ठेवलं होतं. पाकीट पोचलं होतं. परतताना त्याच नदीत शिपाई गेला होता. उगाच फोन काढून त्यावर बोट फिरवत बसलो.

"पाकीट पोचलं, काका."

"सही?"

"आहे. पलीकडच्या कॅप्टनची."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात ते म्हणाले, "आणि तो? परत आला?"

"आला," मी म्हणालो. "सुखरूप."

काकांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "आपल्याला शिपायाची नोकरी जमली नसती," ते म्हणाले. "पाकिटात काय आहे ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या बंद दाराबाहेर बसलो असताना मला दुसरं काही सुचत नव्हतं. या भित्र्या माणसाला आपण कसली बातमी देऊन आत पाठवलं, एवढंच. इतकी भीती मला माझ्या स्वतःच्या आजारपणातही वाटली नव्हती.

ऑपरेशन नीट झालं. पण एकटं ठेवायला नको म्हणून लेकीने त्यांना शहराच्या पार टोकाला, मांजरी गावात, आपल्या नव्या फ्लॅटमध्ये नेलं. खालच्या दाराला आता कुलूप असतं, आणि त्याच्यावरून जाताना मला चुकल्यासारखं होतं. निघताना काकांनी चारही वह्या माझ्या हवाली केल्या. शेवटचं पान मी त्यांच्यासमोर उघडलं नाही, ते बरंच झालं. ऑपरेशननंतरच्या थरथरत्या अक्षरात तिथे लिहिलं होतं:

'पाकीट पोहोचले. पोच मिळाली. शिपाई सुखरूप परत आल्याचे वरच्या मजल्यावरून समजते.'