पोतीचा उजवा पदर

तालुक्याच्या दवाखान्यात मी आया होते. शाळा पाहिलेली नाही. अक्षरं शिकले ती औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून. पण माणूस श्वास कसा घेऊन राह्यला, ते मला बरोबर कळायचं. हे मी आजही ताठ मानेनं सांगते.

महाराष्ट्र होऊन दहाएक वर्षं झाली असतील. एका दुपारी मोताळ्याकडची एक सून बैलगाडीतून आणली. जुलाब-उलट्यांनी पार वाळलेली, डोळे खोल गेलेले. सलाईन लावावं तर हातापायाची एक शीर सापडेना. नागपूरहून शिकून आलेला आमचा तरणा डॉक्टर म्हणाला, "गळ्याच्या हाडाखाली मोठी शीर असते, तिच्यात नळी घालतो. मंगळसूत्राची पोत काढा हिची."

सासू आडवी आली. "पोत निघणार नाही. माह्या लेकाले काई झालं तं?"

"आजी, सून जाईल तुमची."

"गेली तं पोतीसकट जाईन."

डॉक्टर लालबुंद. मी म्हटलं, "काऊन भांडता? पोत मी वर हनुवटीपाशी धरीन. तुम्ही सुई घाला."

नळी गेली, सलाईन धावू लागलं. पोत मी परत खाली सोडली. चांगली लांब, दोन पदरी होती. अंगात रुतू नये म्हणून एक पदर छातीच्या उजवीकडे अन् एक डावीकडे पसरला, आणि तिचे तळवे चोळत बसले.

थोड्या वेळानं तिला धाप लागली. सासू म्हणे, "गुण येऊन राह्यला." माझी नजर पोतीवर. डावीकडचे मणी वरखाली होत होते. उजवीकडचे, जिकडे सुई घातली तिकडचे, गप पडलेले.

"साहेब, इकडची छाती हलून नाही राह्यली."

"इतकी आजारी आहे मावशी, धाप लागणारच."

"मंग दोन्हीकडून लागन ना. हे मणी तं पाहा."

तो आला, पाहिलं. कानात नळी घालून डावीकडे ऐकलं, मग उजवीकडे. चेहरा उतरला त्याचा. हाडाखालून जाताना सुईचं टोक फुप्फुसाला लागलं होतं. तिथून हवा निसटून छातीत साचली अन् फुप्फुसच दाबून बसली. त्यानं लगेच बरगड्यांमधून दुसरी सुई घातली, तिची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवली. बाटली मी खाटेखाली धरली. पाण्यात बुडबुडे येत राहिले. मी मात्र पोतीकडेच पाहत होते. आधी खालचे दोन-चार मणी हलले, मग हळूहळू अख्खा उजवा पदर.

"पाह्य," सासू डॉक्टरला म्हणाली, "पोत काढू देली असती तं?"

सगळं श्रेय तिनंच घेतलं. घेऊ द्या. आठ दिवसांनी सून तिच्याच मागं चालत घरी गेली.

त्यानंतर डॉक्टरनं अशी नळी कुणालाही घातली, बाई असो का बाप्या, की छातीच्या दोन्ही बाजूंना कापसाचा एकेक बोळा ठेवायचा अन् व्हरांड्यात येऊन हाक मारायचा, "मावशी, या, बघून घ्या." मी हात पुसून जायची. माझी मान हलेपर्यंत तो खाटेजवळून हलत नसे.