अनुपमा खरं बोलली

अलिना कॅनडाला निघाली तेव्हा अनुपमा तिला विमानतळावर सोडायला गेली. मैत्रिणी जितका वेळ हात हातात धरतात, तितकाच वेळ दोघींनी धरला. अल मनखूलमधल्या फ्लॅटमध्ये त्या चार वर्षं एकत्र राहिल्या होत्या. बिल्डिंगच्या लेखी त्या रूममेट. दुबईत एकटीला भाडं परवडत नाही हे सगळ्यांनाच ठाऊक, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. सांगायची तर इथे सोयच नव्हती.

अलिना गोव्याची, फिजिओथेरपिस्ट. नोकरीसाठी जातेय, असं तिने सर्वांना सांगितलं. खरं कारण वेदांग होता. पुण्यात शिकत असताना अनुपमाचं त्याच्यावर प्रेम होतं, पुढे ते मोडलं. एकदा बोलता बोलता ती म्हणून गेली, "त्याच्यावरही मनापासूनच होतं गं." ते अलिनाच्या मनात जे रुतलं ते रुतलंच. "तुझं काय," ती म्हणायची, "घरचे मागे लागले की एखादा नवरा करून मोकळी होशील. मला ती वाट नाही." अनुपमाने शपथा घेतल्या, रडून पाहिलं. शेवटी बॅगा भरायला मदत केली.

त्यानंतर दिवस कसेबसे जात. दुबई मरीनातल्या टॉवर्सच्या लिफ्ट बंद पडल्या की तक्रारीचे फोन अनुपमाकडे येत. दिवसभर ती लोकांना "यल्ला, चला, टेक्निशियन निघालाय" म्हणून धीर देई. घरी आल्यावर बोलायला भिंती. दुःख सांगावं तर कशाचं सांगणार? रूममेट गेली म्हणून कुणी वर्षभर झुरतं का?

चौथ्या मजल्यावरच्या लतिकाताईंचा तेवढा आधार होता. त्यांची बारा वर्षांची अनन्या शनिवारी अनुपमाकडे मराठी शिकायला येई. लतिकाताईंनीच आपल्या धाकट्या भावाचा, सुजीतचा विषय काढला. "अबू धाबीत खलिफा सिटीला असतो. घटस्फोट झालाय, पण स्वभावाने गरीब आहे. तू सावळी असलीस तरी त्याला काही नाही. मी विचारलंय."

सावळेपणाचं अनुपमाने कानाआड केलं. असलं ऐकायची लहानपणापासून सवय होती.

सुजीत खरंच बरा होता. दोनदा भेटले, हसले. तिसऱ्या भेटीत पुलाव समोर आला, आणि तिला वाटलं, हा माणूस मला आवडू शकतो. आवडणार असेल तर लपवून नको.

"आधी वेदांग होता," ती म्हणाली. "मग अलिना. चार वर्षं."

"अलिना म्हणजे ती मैत्रीण?"

"मैत्रीण नव्हे."

सुजीतने चमचा खाली ठेवला. त्याने विचारलं, "मग आता बरी झालीस का?"

"मी आजारी नव्हते, सुजीत."

"तसं नाही गं." तो हसला. "पण लग्नानंतर मी लक्ष कुणाकुणावर ठेवायचं? पुरुषांवर, की बायकांवरही?"

विनोद केलाय असं त्याला वाटत होतं. ती हसली नाही म्हटल्यावर त्याने उद्याच्या मीटिंगचं कारण काढलं.

पुढच्या शनिवारी अनन्या आली नाही. लतिकाताईंचा मेसेज आला, शाळेचा अभ्यास फार वाढलाय. मग त्या जिन्यात भेटल्या. नजर चुकवून म्हणाल्या, "चांगलं स्थळ आणलं होतं गं मी. तुझ्या आईला काय वाटेल? मी कुणाला बोलणार नाहीये हं." पण इथल्या मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम असलेल्या संध्याकाळी बायकांनी तिच्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या सोडल्या, तेव्हा तिला कळायचं ते कळलं.

लिफ्टमध्ये मात्र अनन्या एकदा एकटीच सापडली. दार बंद होताच तिने सरळ विचारलं, "मॉम सेज यू आर कन्फ्युज्ड. आर यू?"

"नाही," अनुपमा म्हणाली. "मी अजिबात कन्फ्युज्ड नाही. बाकीच्यांचा गोंधळ उडतो."

"ओके," अनन्या म्हणाली, आणि चौथ्या मजल्यावर उतरून गेली.

त्या रात्री न राहवून अनुपमाने अलिनाला फोन लावला. लग्नासाठी भेटलेल्या सुजीतला आपण सगळं खरं सांगितलं, कुणाला तरी तुझं नाव सांगितलं, एवढंच तिला कळवायचं होतं.

"म्हणजे लग्नाचा विचार केलासच," अलिना म्हणाली. "मी काय म्हटलं होतं?"

तू गेल्यावर केला, हे अनुपमाच्या ओठांवर आलं होतं. पण फोन बंद झाला होता.

नव्या वर्षात तिने अलिनाची खोली भाड्याने द्यायचं ठरवलं. बघायला कुबरा नावाची हैदराबादची मुलगी आली, नुकतीच नोकरीला लागलेली, बडबडी. तिने खिडकी उघडून पाहिली, कपाट पाहिलं, आणि आजीकडून उचललेल्या तोडक्यामोडक्या मराठीत विचारलं, "दीदी, तुमचं लग्न नाही झालं?"

"नाही."

"प्रेम पण नाही?"

"झालं की. दोनदा."

"दोघंही सोडून गेले? हे आदमी लोक असेच!"

अनुपमाने तिच्याकडे पाहिलं. मुलीच्या डोळ्यांत नुसता कळवळा होता. दोघांतली एक बाई होती, हे एकदा जिभेवर आलं. मग तिने किल्ली काढून दिली आणि गॅस कसा पेटवायचा ते दाखवायला तिला स्वयंपाकघरात नेलं.