रझियाभाभी बोलल्या त्या दुपारी

परवा दुपारी नळदुर्गजवळच्या एका गावात ग्रामसभा होती. मी तिथली ग्रामसेविका. ऊन असं पसरलेलं की समोरचं लिंबाचं झाड पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं... हायवेवरच्या ट्रकचे आवाजसुद्धा झोपेतून ऐकल्यासारखे येत होते.

रझियाभाभी आमच्या सरपंच. जागा महिलांसाठी राखीव निघाली म्हणून घरच्यांनी त्यांना उभं केलं, त्या निवडून आल्या. कारभार मात्र त्यांचे दीर सलीमभाई बघतात. भाभी येतात, ओढणी सारखी करून खुर्चीत बसतात, सही करतात.

आणि मी? सलीमभाई जे सांगतील ते सरपंचांच्या नावानं लिहून घेते... दोन वर्षं.

परवाचा विषय पाण्याच्या टाकीच्या जागेचा. सलीमभाई म्हणाले, चौकात बांधू. मी लिहायला लागले.

"थांबा जरा, सलीम."

आवाज इतका हळू होता की कोण बोललं ते मला क्षणभर कळलंच नाही. भाभी माझ्याकडं बघत होत्या.

"मॅडम, टाकी वरच्या वस्तीत घ्या. तिथल्या बाया घागरी घेऊन चढ चढतात, मी दारातून रोज बघते. वरचं पाणी खाली सगळ्यांकडं येईल. खालचं वर न्हाय चढत."

सलीमभाईंनी समजावलं, की हे घरी ठरलंय.

"घरी तुम्ही ठरवलं. मला कुणी विचारलं न्हाय."

मग वरच्या वस्तीतल्या सुलोचनाबाईंनी हात वर केला. मागं बसलेल्या बायकांचे हात एकेक करून वर गेले, अगदी सावकाश... मी मोजायचंच विसरले, नुसती बघत राहिले. सलीमभाईंनी हात वर केला नाही, पण ते उठूनही गेले नाहीत. ठराव मंजूर झाला.

सभा संपल्यावर मी भाभींची माफी मागितली. इतक्या दिवसांत मीही त्यांना कधी विचारलं नव्हतं.

त्या हसल्या. "मला तरी कुठं माहीत होतं, मी बोलेन म्हणून?"

परतताना एसटीत खिडकीशी डोळे मिटून बसले, तरी तो आवाज कानात होता. माईकवरची कितीतरी भाषणं ऐकलीत मी... पण गावाचा कारभार असा घरातल्यासारखं, हळू बोलूनही बदलतो, हे परवा कळलं. थँक्यू, भाभी.