उजवा कान

रुग्णालयातल्या चारही लिफ्टची देखभाल तोच करायचा, पण नोकरी ठेकेदाराकडची. दर अकरा महिन्यांनी करार संपायचा, चार दिवस घरी बसायचं, मग पुन्हा सही. अशी अठरा वर्षं गेली. चालू मोटरच्या बेअरिंगवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाशी लावायची आणि क्षणभर ऐकून सांगायचं, "महिनाभर चालेल," नाहीतर, "आजच बदला." म्हणून सगळे त्याला वैद्यबुवा म्हणायचे.

आता रुग्णालयानेच कायम नोकरीचं पत्र दिलं होतं. वयाची अट पंचेचाळीस. त्याला दोन महिने उरले होते. रुजू होण्याआधी फक्त वैद्यकीय तपासणी.

"पत्र येऊन आठ दिवस झाले," बायको म्हणाली. "घोडं कुठं पेंड खातंय?"

"विचार करतोय."

"चार-चार दिवस घरात बसून भिंतीकडे बघायचात, तेव्हा करायचा होता विचार."

रुग्णालयातल्या वायरमननेही सोडलं नाही. "वैद्यबुवा, जावयासारखे रुसू नका. मला मिळालं असतं तर पत्र उशाशी घेऊन झोपलो असतो."

तो हसला. खरं कारण सांगणार कसं? उजवा कान गेला होता. आधी बारीक आवाज गेले, मग सगळेच. तेव्हापासून मूठ डाव्या कानाशी जायची आणि कुणाच्या लक्षात येत नव्हतं. ठेकेदार कान तपासत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण तपासणीत नापास झालं तर ते कागदावर येणार, आणि कागद ठेकेदाराकडेही जाणार. मग हेही गेलं आणि तेही गेलं.

आणखी एक गोष्ट होती. गेल्या वर्षी तीन नंबरच्या लिफ्टची मोटर बघताना भिंतीच्या अडचणीमुळे डावा कान पोचेना. त्याने उजवाच लावला. काहीच ऐकू आलं नाही. मोटर शांत आहे असं मनाला पटवून तो म्हणाला, "महिनाभर चालेल." तिसऱ्या दिवशी बेअरिंग जाम झालं. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली, आत स्ट्रेचरवर एक म्हातारा आणि त्याची लेक. दार उघडायला चाळीस मिनिटं लागली. अहवालात लिहिलं गेलं, 'बेअरिंग सदोष.' म्हातारा पुढे वाचला की नाही, हे विचारायचं धाडस त्याला आजतागायत झालं नव्हतं.

शेवटी बायकोने शर्टाला इस्त्री केली आणि तो तपासणीला गेला.

काचेच्या छोट्या खोलीत हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बोट वर करायचं. डाव्या कानाचं सहज झालं. उजव्याला नुसता अंधार. पण समोरच्या काचेत तंत्रज्ञ मुलीचा हात दिसत होता. ती बटण दाबायची, तो बोट वर करायचा. एकदा, दोनदा, तीनदा. ती मान डोलावून टिपून घेत होती. आणखी चार-पाच वेळा, की कायम नोकरी.

चौथ्यांदा तिचा हात हलला आणि त्याला स्ट्रेचर धरून उभी असलेली ती लेक दिसली. त्याने डोळे मिटून घेतले. तंत्रज्ञ मुलगी बटणं दाबत राहिली असेल. त्याचं बोट मांडीवरच राहिलं.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं, त्या म्हाताऱ्याचंही.

"कानाचं माहीत होतं मला," ती म्हणाली. "वर्षभर जेवताना तुमच्या डावीकडे उगाच बसतेय का?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. आणि कायम झालात की रुग्णालयाच्याच डॉक्टरला दाखवू, म्हटलं."

तिने ताट वाढलं.

"ठेकेदाराला कधी कळेल?"

"उद्या. मीच सांगणार आहे. लिफ्टच्या चाव्याही परत द्यायच्यात."

"आणि त्या म्हाताऱ्याचं?"

"तेही विचारून येतो," तो म्हणाला. घास मात्र त्याच्या हातातच राहिला.