अकरा दिवसांची रजा

गेल्या ऑक्टोबरात मला अकरा दिवसांची रजा मंजूर झाली होती. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. बहिणीला मी फोनवर सांगितलं की रजा नाकारली, माणसं कमी आहेत, मी इथे नवा, फार बोलता येत नाही. ती ‘बरं’ म्हणाली. बाच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, डोळ्याचं ऑपरेशन पालघरला व्हायचं होतं आणि मी रॉटरडॅममध्ये होतो. ते अकरा दिवस मी त्या शहरात पायी हिंडत काढले.

आम्ही माहीमचे, मुंबईतल्या नव्हे, केळव्याच्या शेजारच्या. बा तांडेल होता, होडी त्याच्या शब्दावर चालायची. मी मात्र होडीवर कधी टिकलो नाही. समुद्र लागायचा मला. खाडीचं तोंड ओलांडलं की ओकायला सुरुवात. होडीवरचे लोक बाला चिडवायचे, तांडेलाचा पोरगा सुक्या मासळीतला हाय, ओल्यातला नाय. बा हसायचा, पण त्याला ते लागत असणार. मी आयटीआय केलं, तारापूरच्या एका केमिकल कंपनीत लागलो, सालवडला खोली घेतली आणि वीस-बावीस वर्षं पाळ्या करत राहिलो. लग्न झालं, टिकलं नाही. मूल नाही. मग सालवडच्याच एका जुन्या सोबत्याने, जो आधीच इकडे आला होता, मला इथल्या कामावर लावून घेतलं. जहाजांतून आलेली रसायनं मोठमोठ्या टाक्यांत साठवतात, त्या टाक्या आणि पंप बघायचे. सत्तेचाळीसाव्या वर्षी मी पहिल्यांदा विमानात बसलो.

आई तोवर गेली होती. बा बहिणीकडे राहायला आला होता. ती पालघरला राहते, कोळगावच्या कचेरीत नोकरी करते. बाला तिच्याकडे सोडताना मी म्हणालो होतो की सहा महिने सांभाळ, मग मी बघतो. त्याला पुढे दोन वर्षं झाली.

इथे मला पायी फिरायला बानेच लावलं. आल्या आल्या केलेल्या फोनवर मी म्हणालो, शहर मोठं आहे, मला काहीच कळत नाही. तर म्हणाला, आधी पायानं फीर आणि दोन खुना धर. समुद्रात तो हेच करायचा. देवळाचा कळस मागच्या उंच ताडावर आला की ती एक रेघ. किल्ल्याचा बुरूज पाण्याच्या टाकीवर आला की दुसरी. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे आपलं जाळं. त्याच्याकडे कधी यंत्र नव्हतं आणि त्याचं जाळं कधी हरवलं नाही.

मी तसंच करायचं ठरवलं. पहिल्याच रविवारी फोनवरचा नकाशा बंद करून निघालो. घराजवळच्या चर्चचं टोक एक धरलं आणि बंदरातली उंच लाल क्रेन दुसरी. त्या क्रेनवर चर्चचं टोक आलं की माझी गल्ली. चारेक तास हिंडून परत फिरलो तर क्रेन डावीकडे सरकलेली. तिच्याकडे बघत चालत राहिलो तर भलतीकडेच, गोदामांच्या रस्त्याला लागलो. बारीक पाऊस, रस्त्यावर माणूस नाही. एका सायकलवाल्याला विचारलं तेव्हा कळलं की ती क्रेन जहाजावरची होती आणि ते जहाज दुपारीच दुसऱ्या धक्क्याला जाऊन लागलं होतं.

बाला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

‘अरे, हलत्या वस्तूवर खून धरतो काय कोनी? आमी काय दुसऱ्याच्या होडीवर धरायचो?’

दुसऱ्या दिवशी त्याने माहीमला फोन करकरून सगळ्यांना ही गोष्ट सांगितली, असं बहीण म्हणाली. माझ्यामुळे बा कधी इतका खूष झालेला मला आठवत नाही.

त्यानंतर रोजचंच झालं. सकाळपाळी सुटली की मी चालायला निघायचो आणि चालता चालता फोन लावायचो. तिकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असायचे. बाचा एक डोळा काचबिंदूने आधीच गेला होता आणि दुसऱ्याला धूर धरत चालला होता. टीव्ही दिसायचा नाही, बाहेर जाता यायचं नाही. मी फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘आज कुठं गेलेला?’ मग मी सांगायचो. नदी किती रुंद, तिच्यावरचा पांढरा पूल कसा एका बाजूला मान टाकून उभा, बाजारात हेरिंग नावाचा मासा लोक शेपटीला धरून कच्चाच कसा तोंडात सोडतात. ह्यावर तो शी म्हणाला होता. दक्षिणेकडच्या वस्तीत एक सुरीनामचा म्हातारा दुकानदार भेटला. त्याचे आजे-पणजे कधी काळी बिहारकडून तिकडे नेलेले. तो जी भाषा बोलला ती मी सालवडच्या चाळीत शेजारच्या बिहारी कामगारांच्या खोलीतून वर्षानुवर्षं ऐकली होती. बाला ते फार आवडलं. आणि नदीखालचा बोगदा. लाकडी पायऱ्यांच्या सरकत्या जिन्याने खाली जायचं. वरच्या नळीतून सायकली जातात, खालच्या नळीतून चालणारी माणसं. डोक्यावर सायकली, बाहेरून नदी.

‘पान्याखालून चालत गेलास? आनि ओकला नाय?’

सप्टेंबरात डॉक्टर म्हणाले की उरलेल्या डोळ्याचं ऑपरेशन करू, खात्री देता येत नाही, पण उशीर केला तर तोही जाईल. बाने माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी बहिणीच्या हातून फोन घेतला आणि म्हणाला, ‘पट्टी सोडतील तवा तू समोर ऱ्हा. दिसलं तर पयला तुला बघीन.’

मी येतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज दिला. आमचा साहेब, लाल गालांचा, कमी बोलणारा माणूस, त्याने तो वाचला, ‘वडील?’ एवढंच विचारलं आणि सही केली. रजा पगारी होती आणि तिकिटंही मिळत होती. अडचण म्हणावी अशी काहीच नव्हती.

आता कारण. मी बरीच कारणं तयार ठेवली होती, त्यातलं एकही खरं नाही. खरं हे आहे की बहीण म्हणाली होती, ह्या वेळी आलास की बसून ठरवू. काय ठरवायचं ते तिला सांगावं लागलं नाही. बाला दिसलं नाही तर त्याला उठवणं, बसवणं, संडासला नेणं, आणि तिची नोकरी. मला माहीत होतं की त्या खोलीत एकदा बसलो तर मी परत येऊ शकणार नाही. आणि मला परत यायचं होतं. ह्या शहरात मला कोणी तांडेलाचा मुलगा म्हणून ओळखत नव्हतं, सोडलेला नवरा म्हणून ओळखत नव्हतं. मी चाललो तर कोणी विचारत नव्हतं कुठे चाललास. तेवढ्यासाठी मी बाला फसवलं.

रजेच्या पहिल्या दिवशी रोजच्या वेळेला डबा घेऊन बाहेर पडलो. घरात बसवेना. सोबती त्याच इमारतीत राहायचा. मी गावी न जाता रजा घेतल्याचं त्याला कामावर कळलं होतं. मी त्याला म्हणालो, थोडा आराम करतो. त्याने फार विचारलं नाही. त्या दिवशी मी जुन्या बंदराकडे गेलो. कालव्याच्या कडेला पवनचक्की आहे, तिच्यासमोरच्या बाकावर बसून डबा खाल्ला. रोजच्या वेळेला रस्त्यातूनच बाला फोन केला आणि कामावरच्या गोष्टी सांगितल्या. एक पंप अडला होता, सगळे धावले, असं काहीतरी. खोटं बोलायला मला अजिबात जड गेलं नाही. तो मध्येच म्हणाला, ‘कामाचं ऱ्हाऊ दे. फिरला नाय काय आज?’ मी म्हणालो, रजा नाही म्हणतात तिथे फिरायला कुठला वेळ.

पट्टी सुटायची होती चौथ्या दिवशी सकाळी अकराला. माझ्याकडे तेव्हा साडेसात. बहीण म्हणाली होती, व्हिडिओ कॉल लावते, निदान फोनमधून तरी समोर राहा. मी सातलाच घराबाहेर पडलो आणि नदीखालच्या बोगद्यात उतरलो. खाली रेंज नव्हती असं नंतर सांगायचं ठरवलं होतं. रेंज होती. फोन मी स्वतः बंद केला. कामाला जाणारी माणसं भराभरा जात होती, पिवळट फरशीवर त्यांच्या बुटांचे आवाज. मी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. किती वेळा ते आठवत नाही. वर आलो तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि बहिणीचे कॉल येऊन पडले होते. मी लावला. ती म्हणाली, सावल्या दिसतात, डॉक्टर म्हणतात आणखी सुधारेल, सांगता येत नाही. मग म्हणाली, ‘ठेवते, बाला भात भरवायचाय.’

तरीही सात दिवस उरले होते. त्या दिवशी विमानात बसलो असतो तर दुसऱ्या दिवशी पालघरला असतो. सातही दिवस मी चालत राहिलो. आणि हेही लिहायला हवं की त्यातले काही तास मला चांगले गेले. एका दुपारी ऊन पडलं होतं, नदीकाठच्या गवतावर मी झोपून गेलो होतो.

जानेवारीत सोबती सुटीवर सालवडला गेला. बाला भेटायला म्हणून मुद्दाम पालघरला गेला, चॉकलेटं घेऊन. बोलण्याच्या ओघात म्हणाला, ऑक्टोबरातल्या रजेत त्याला यायला जमलं नाही वाटतं. त्याच्या मनात काही नव्हतं. हे मला त्यानेच परत आल्यावर सांगितलं, पण त्याच्या आधी बाचा फोन येऊन गेला होता. बा स्वतः कधी फोन लावत नसे.

‘आज कुठं गेलेला?’

पाऊस आहे, घरीच आहे, असं मी म्हणालो.

‘आजचं नाय. तुझ्या रजेतलं सांग.’

मी खिडकीशी उभा होतो. खुर्चीत बसलो आणि सांगायला लागलो. पहिला दिवस, पवनचक्की, बाक, डबा. दुसरा दिवस. तो नेहमीसारखेच प्रश्न विचारत होता. कुठून वळलास, पूल ओलांडला काय, तिकडनं नदी कुठल्या हाताला येते. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे मला थांबता येईना. मी चौथ्या दिवसावर आलो.

‘तवा कुठं होता?’

‘बोगद्यात.’

‘पान्याखाली.’

‘हो.’

 मग म्हणाला, ‘यायचं नव्हतं तर तसं सांगायचं. मी वाट बगितली नसती.’ आणि फोन बहिणीकडे दिला.

त्यानंतर बा माझ्याशी बोललेला नाही. साडेसातला फोन केला की बहीण म्हणते, झोपलाय. साडेसातला बा आयुष्यात कधी झोपला नाही. डोळा सुधारला नाही. आता उजेड आणि अंधार एवढंच त्याला कळतं.

मार्चमध्ये मी बहिणीलाही सगळं सांगायचं ठरवलं. बाला कळलं म्हणजे तिला कळलंच असणार, पण माझ्या तोंडून तिने ऐकावं असं वाटलं. मी सुरुवात केली तर तिने मध्येच थांबवलं. म्हणाली, ‘मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. बाचा फोन स्पीकरवर असतो. तू पंप अडल्याचं सांगत होतास आणि मागे ट्रामची घंटा वाजत होती. दोन-दोनदा.’

मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

‘बाने पण ऐकली ना. मला विचारलं, ही घंटा कसली. मी म्हटलं, कंपनीत पाळी बदलली की वाजते.’

म्हणजे माझं खोटं मी तिच्याही तोंडी घातलं होतं. अकरा दिवस ती रोज ऐकत होती आणि रोज त्यात आपल्याकडून थोडं घालत होती, कारण तिला त्याच घरात त्याच माणसाला भात भरवायचा होता. मग तिने मला तोवर न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. पट्टी सोडली तेव्हा समोर डॉक्टर उभे होते, उंचीला साधारण माझ्याएवढे. बाने हात पुढे करून त्यांची बाही चाचपली आणि म्हणाला, ‘आलास?’ ती म्हणाली, बा, डॉक्टर हायत. तर त्याने हात काढून घेतला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, ‘माफ करा सायेब.’

हे सांगताना ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. भाजी चिरत असावी, सुरीचा आवाज येत होता.

मी म्हणालो, मेमध्ये येतो. रजा टाकतो. ह्या वेळी बसून ठरवू, तुझं म्हणणं असेल ते.

‘रजा मिळाली म्हणून फोन करू नकोस,’ ती म्हणाली. ‘विमानात बसलास की कर. आणि बाला मी काही सांगणार नाही. तुझं तू सांग, त्याच्यासमोर उभं राहून.’

त्याला दिसणार नाही, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

‘तुला तर दिसेल,’ ती म्हणाली.

रजा परवा मंजूर झाली. साहेबाने ह्या वेळीही ‘वडील?’ एवढंच विचारलं. तिकीट काढलं आहे. तिला अजून कळवलेलं नाही.